दोनशे तासांची वही

मुंबईत १९२८ च्या आधी कुणाच्या मनात विमान चालवायला शिकायचं आलं, तर त्याला आधी बोटीचं तिकीट काढावं लागे. विमान हिंदुस्थानात पोचलं होतं, पण ते बघण्यापुरतं. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादच्या प्रदर्शनात आलेल्या आंरी पेके या फ्रेंच तरुणानं साडेसहा हजारांच्या आसपास पत्रं घेऊन यमुनेपलीकडच्या नैनीपर्यंत झेप घेतली, आणि जगातली पहिली अधिकृत विमानटपाल म्हणून त्या पंधरा मिनिटांच्याही आतल्या प्रवासाची नोंद झाली. प्रदर्शन उठलं तसं विमानही गेलं. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर सैन्यानं संयुक्त प्रांतातल्या सीतापूरला उड्डाणशाळा काढली, पण ती गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी. हिंदी माणूस तिथे वैमानिक म्हणून कुणी धरलाच नव्हता.

शिकले ते विलायतेत असलेले. इंद्रलाल रॉय लंडनच्या शाळेत होते, हरदित सिंग मलिक ऑक्सफर्डला. युद्ध पेटलं, वैमानिक कमी पडू लागले, तेव्हा या दोघांना ब्रिटिश हवाई दलाची दारं उघडली. रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्याही आत शत्रूची दहा विमानं पाडली आणि त्याच महिन्यात, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, फ्रान्सच्या आकाशात ते मारले गेले. मलिक जगले आणि पुढे मोठ्या पदांवर पोचले. देशात मात्र आणखी दहा वर्षं उड्डाण शिकवणारी एकही नागरी संस्था नव्हती.

ती आली ती क्लबाच्या रूपात. इंग्रज सरकारला हिंदी लोकांना उडायला शिकवायची एकाएकी हौस आली होती, असं नाही. लंडनहून कराचीपर्यंत हवाई मार्ग यायचा होता (मार्च १९२९ मध्ये तो आलाही), त्यापुढे दिल्ली, कलकत्ता, रंगून गाठायचं होतं. विमानतळ, दुरुस्ती करणारे हात आणि वेळ पडलीच तर लष्कराच्या उपयोगी येतील असे वैमानिक, हे सगळं कमी खर्चात उभं करायचं होतं. इंग्लंडात १९२५ पासून हलक्या विमानांचे क्लब निघाले होते. सरकारनं थोडी मदत करायची, उरलेला भार हौशी सभासदांनी उचलायचा, ही तिथली रीत इकडे जशीच्या तशी आणली गेली. १९२७ मध्ये नागरी हवाई खातं आणि एअरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा निघाले. पाठोपाठ दिल्ली, कराची, बंगाल आणि मुंबई इथे क्लब उभे राहिले. सुरुवातीला सरकारकडून प्रत्येकी दोन डी हॅविलंड मॉथ विमानं आणि वार्षिक अनुदान, बाकी वर्गणी.

मुंबईच्या क्लबाला जागा मिळाली जुहूची. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली ती सपाट खाजण जमीन, चार पावसाळी महिने पाण्याखाली. उडायला यायचं ते पहाटे किंवा संध्याकाळी, मोटार असेल तर मोटारीनं, नसेल तर विलेपार्ले स्टेशनवरून. सभासद कोण? संस्थानिक, पारशी आणि गुजराती व्यापाऱ्यांची मुलं, इंग्रज अधिकारी, एखादा डॉक्टर. गिरगावातल्या कारकुनाच्या मुलानं विमान पाहिलं ते गच्चीवरून.

याच क्लबात जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा नावाचा चोवीस वर्षांचा तरुण दाखल झाला. त्याचं लहानपण फ्रान्समध्ये गेलेलं. सुट्टीतल्या घराच्या शेजारी इंग्लिश खाडी उडून पार करणारे लुई ब्लेरिओ राहत, त्यामुळे विमानाचं वेड जुनंच. इन्स्ट्रक्टरबरोबर तीन तास पंचेचाळीस मिनिटं उडाल्यावर त्याला एकट्याला विमान घेऊन वर पाठवण्यात आलं. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्याच्या हातात जो परवाना पडला, त्याच्यावर क्रमांक होता १. परदेशात परवाना मिळवलेले भारतीय त्याच्या आधीही होते. देशातल्या संस्थेनं दिलेल्यांत मात्र हा पहिला.

पावणेचार तास! आजच्या इन्स्ट्रक्टरला हा आकडा सांगितला तर तो हसेल, किंवा घाबरेल. पण तेव्हाचं यंत्रही तसंच होतं. मॉथ म्हणजे लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेलं, दोन मजली पंखांचं, दोन उघड्या खुर्च्यांचं विमान. पुढे शिक्षक, मागे शिष्य. दोघांच्या मध्ये बोलायला रबरी नळी. रेडिओ नाही, ब्रेक नाहीत, शेपटीखाली चाकाऐवजी एक घसरपट्टी. पंखा हातानं फिरवून इंजिन चालू करायचं. वेग, उंची, तेलाचा दाब दाखवणारी दोन-चार घड्याळं, बाकी वारा गालावर कुठून लागतो यावरून ओळखायचं. चुकलं तर विमान हळू येऊन आपटे, आणि बरेचदा माणूस धूळ झटकत बाहेर पडे. शिकायला कमी होतं, कारण आकाशात गर्दी नव्हती.

परवाने दोन प्रकारचे. ‘ए’ परवान्यावर स्वतःपुरतं उडायचं. पैसे घेऊन उडायचं असेल तर ‘बी’. पहिल्या दहा वर्षांत क्लबातल्या बहुतेकांनी ‘ए’वरच समाधान मानलं, कारण ‘बी’ घेऊन नोकरी करणार कुठे?

तरीही या हौशी क्लबांनी काय घडवलं ते १९३० मध्ये दिसलं. आगाखानांनी इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये एकट्यानं उडणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं. रिंगणात तिघे होते. मनमोहन सिंग ‘मिस इंडिया’ नावाचं विमान घेऊन इंग्लंडहून निघाले; ते पोचले, पण मुदतीचा नियम आड आला आणि बक्षीस हुकलं. कराची क्लबात शिकलेला अस्पी इंजिनियर विशीच्याही आतला. त्याच वर्षी मार्चमध्ये तो आर. एन. चावला यांच्याबरोबर कराचीहून इंग्लंडला उडून गेलेला होता. आता तो एकटा परत येत होता. आणि उलट दिशेनं, कराचीहून, निघाले होते जे. आर. डी. टाटा.

दोघांची गाठ पडली इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीर विमानतळावर. अस्पीच्या इंजिनाचा स्पार्क प्लग खराब झाला होता आणि जास्तीचे प्लग त्याच्याकडे नव्हते. जेआरडींनी आपल्याकडचे दिले. त्या बदल्यात अस्पीनं त्यांना स्वतःचं लाइफ जॅकेट दिलं, कारण जेआरडींना पुढे भूमध्य समुद्र ओलांडायचा होता. शर्यत अस्पीनं काही तासांनी जिंकली. हाच अस्पी १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. ही गोष्ट नेहमी दिलदारपणाचा दाखला म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण तिच्यात त्या काळच्या शिक्षणाचाही एक धागा आहे. क्लबात शिकणाऱ्याला इंजिन उघडता यावं लागे. वैमानिक वेगळा आणि मेकॅनिक वेगळा, ही चैन नंतरची.

बायकाही आल्या, पण मोजक्या. मुंबईच्या उर्मिला पारीख यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ‘ए’ परवाना मिळवला. लाहोरमध्ये १९३६ साली सरला ठकराल साडी नेसून जिप्सी मॉथमध्ये चढल्या आणि एकट्या उडाल्या. तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या आणि एका मुलीची आई. पती वैमानिक, सासरी आणखीही वैमानिक, त्यामुळे घरातून विरोध नव्हता. पती विमान अपघातात गेल्यावर त्या ‘बी’ परवान्यासाठी जोधपूरला गेल्या, पण महायुद्ध लागलं आणि नागरी प्रशिक्षण थांबलं. सरलाबाई लाहोरला परतल्या आणि चित्रकलेकडे वळल्या. त्यांची वैमानिकी बुडवली ती एका सरकारी हुकमानं. या क्षेत्रात असं पुन्हापुन्हा होणार होतं.

उडायला शिकायचं म्हणजे हवामानाशी करार करायचा, हेही जुहूनंच पहिल्यांदा शिकवलं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पुस मॉथ विमानानं जुहूला उतरले आणि तिथून नेव्हिल व्हिन्सेंट ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. या सेवेची तारीख ऑक्टोबरातली असण्यात नवल नाही. पावसाळ्यात जुहूची धावपट्टी चिखलात बसे, म्हणून पुढे दरवर्षी पावसाळ्यापुरता सगळा संसार पुण्याला हलवावा लागे. ही झाली टपालाची अडचण. शिकणाऱ्याचं दुःख वेगळं: चार महिने उड्डाण नाही म्हणजे हाताला बसलेलं वळण मोडलं, आणि ते पुन्हा बसवायला पुन्हा तास, पुन्हा पैसे.

दुसऱ्या महायुद्धानं क्लबांचं मूळ प्रयोजन उघडं केलं. हौशी सभासदांना गाठून हवाई दलाच्या राखीव तुकडीत घेण्यात आलं. १९४० मध्ये परवानाधारक २४ भारतीय वैमानिक बोटीनं इंग्लंडला पाठवले गेले. त्यांत महेंद्रसिंग पुज्जी होते, दिल्लीच्या क्लबात शिकलेले. ते पुढे हरिकेन लढाऊ विमानं चालवत जर्मनांशी लढले. मनमोहन सिंगही हवाई दलात गेले आणि मार्च १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ब्रूम बंदरावर झालेल्या जपानी हल्ल्यात मरण पावले. सरकारनं बेगमपेठ, जोधपूर, अंबाला इथे लष्करी उड्डाणशाळा काढल्या, टायगर मॉथ विमानांचे ताफे आले. क्लबाच्या दुपारच्या चहाचे दिवस संपले.

स्वातंत्र्यानंतर विमानं होती, वैमानिक होते आणि कंपन्याही भराभर निघत होत्या. महायुद्धातली उरलेली डकोटा विमानं स्वस्तात मिळत होती, ती घेऊन जो तो आकाशात. १९४७ मध्ये प्रेम माथुर या महिलेनं अलाहाबादेत व्यावसायिक परवाना मिळवला. भारतातली ती पहिली व्यावसायिक महिला वैमानिक. एकामागून एक कंपन्यांनी तिला नकार दिला. बाईच्या हातात विमान पाहून उतारू बसणार नाहीत, अशी त्यामागची भीती. शेवटी हैदराबादच्या डेक्कन एअरवेजनं तिला सहवैमानिक म्हणून घेतलं. १९४९ ची राष्ट्रीय हवाई शर्यतही तिनं जिंकली.

याच सुमारास शिकवण्याचं एक भारतीय विमानही तयार झालं, आणि ते घडवणारा माणूस कोल्हापूरकडचा. विष्णू माधव घाटगे यांनी जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली होती. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या चमूनं रचलेलं एचटी-२ हे दोन आसनी शिकाऊ विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी उडालं. हवाई दलाच्या किती पिढ्यांनी पहिलं आकाश त्यातून पाहिलं! क्लबांच्या वाट्याला त्याच कारखान्यातलं दुसरं विमान आलं: पुष्पक. १९५८ मध्ये ते पहिल्यांदा उडालं. ९० अश्वशक्तीचं इंजिन, वर एकच पंख, शेजारी-शेजारी दोन खुर्च्या. असली दीडशेच्या वर विमानं बनली. पन्नाशी-साठीच्या पुढच्या कुठल्याही भारतीय कॅप्टनला पुष्पकबद्दल विचारा, तो खुर्चीत पुढे सरकून बोलायला लागतो.

नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर १९४७ पासून क्लब होता. पुण्यात हडपसरला नागरी हवाई खात्यानं १९५० मध्ये ग्लायडिंग सेंटर काढलं. इंजिन नसलेल्या ग्लायडरला दोरानं वर खेचायचं आणि सोडून द्यायचं. तिथे पैसे कमी लागत आणि मध्यमवर्गातल्या मुलांनाही ते परवडे, म्हणून पुण्याच्या कित्येक वैमानिकांची सुरुवात हडपसरच्या गवतावर झाली. सरकारी धोरण तेव्हा साधं होतं. क्लबांनी उडवलेल्या तासांमागे अनुदान द्यायचं, आणि ते विद्यार्थ्याच्या बिलातून वजा व्हायचं. तासाची किंमत सरकार आणि विद्यार्थी वाटून घेत.

पण नोकरीचं दार अरुंद होत गेलं. १ ऑगस्ट १९५३ रोजी आठ खासगी कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली. परदेशी मार्गांसाठी एअर इंडिया. पुढची चार दशकं परवानाधारक वैमानिकापुढे मोठे मालक दोनच. भरती निघाली तर निघाली. क्लबातल्या बाकावर तीन-तीन वर्षं जाहिरातीची वाट पाहणारी मुलं असत, आणि परवाना चालू ठेवायला अधूनमधून पदरचे पैसे घालून उडत. त्या रांगेतून आलेल्यांत दिल्ली क्लबात शिकलेले राजीव गांधीही होते; इंडियन एअरलाइन्समध्ये ते वैमानिक झाले. त्यांचे भाऊ संजय गांधी याच क्लबाच्या पिट्स विमानानं कसरती करताना २३ जून १९८० रोजी सफदरजंगजवळ कोसळले. बरोबर क्लबाचे इन्स्ट्रक्टर सुभाष सक्सेना होते, तेही गेले.

राजीव गांधी पंतप्रधान असताना, १९८५ मध्ये, तेव्हाच्या रायबरेली जिल्ह्यातल्या फुरसतगंजला इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी स्थापन झाली. क्लबांचा दर्जा घसरला होता हे त्यामागचं खरं कारण. जुनी विमानं, सुट्या भागांची टंचाई, चांगले इन्स्ट्रक्टर एअरलाइनकडे निघून गेलेले. अकादमीत प्रवेश परीक्षेनं, विमानं नवी, वसतिगृह, सिम्युलेटर. मात्र मतदारसंघ पाहून जागा निवडली की काय होतं, ते उत्तर प्रदेशातल्या हिवाळ्यानं दाखवलं. डिसेंबर-जानेवारीत धुकं असं उतरतं की दुपारपर्यंत धावपट्टीचं दुसरं टोक दिसत नाही. अकादमीला पुढे आपली काही विमानं गोंदियाजवळच्या बिरसीला आणावी लागली. जुहूला पाऊस, फुरसतगंजला धुकं: शाळा कुठे काढायची याचा विचार आकाशाकडे पाहून क्वचितच झाला.

त्याच १९८५ मध्ये कलकत्त्याहून सिल्चरला गेलेल्या फॉकर विमानात कॉकपिटमध्ये दोघीही बायका होत्या. कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि सहवैमानिक निवेदिता भसीन. चार वर्षांनी देशमुख यांनी मुंबई-गोवा मार्गावर बोइंग ७३७ नेलं, तेव्हाही सगळा चमू महिलांचा होता. प्रेम माथुर यांना नकार देणाऱ्यांनी जे उतारू गृहीत धरले होते, ते आपले निवांत बसून गेले.

१९९४ मध्ये सरकारी मक्तेदारीचा कायदा रद्द झाला. खरी लाट आली ती मात्र २००३ नंतर. एअर डेक्कन, मग किंगफिशर, स्पाइसजेट, गोएअर, इंडिगो. तीन-चार वर्षांत इतकी विमानं आली की कंपन्यांनी परदेशी कॅप्टन आणून बसवले. वर्तमानपत्रांत वैमानिकांच्या पगाराचे आकडे छापून आले आणि महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत एक नवीन चर्चा सुरू झाली. मुलाला इंजिनियर करायचं त्या पैशात थोडी भर घातली तर पायलट होतो. जमिनीचा तुकडा विकला गेला, घर गहाण पडलं, बँकेत शैक्षणिक कर्जाचे अर्ज गेले. देशातल्या क्लबांत रांगा होत्या, म्हणून मुलं फ्लोरिडा, टेक्सास, ॲरिझोना इथे गेली, काही फिलिपिन्स आणि न्यूझीलंडला. अमेरिकेत वर्षातले बहुतेक दिवस ऊन, विमानं मुबलक. परवान्याला लागणारे दोनशे तास सहा-आठ महिन्यांत होत. परत आल्यावर भारतीय परीक्षा पुन्हा द्याव्या लागत, ही गोष्ट काही एजंट शेवटी सांगत, काही सांगतच नसत.

सरकारी अनुदान एव्हाना आटलं होतं. तासाची पूर्ण किंमत आता घराच्या खिशातून.

आणि २००८ ला मंदी आली. कंपन्यांनी भरती थांबवली, २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली. परवाना हातात, डोक्यावर कर्ज, अशी हजारो मुलं कॉल सेंटरमध्ये, वडिलांच्या दुकानात, विमानतळाच्या काउंटरवर दिसू लागली. न उडता परवाना जिवंत राहत नाही. ज्यांना जमलं त्यांनी आणखी पंधरा-वीस लाख घालून एअरबसचं टाइप रेटिंग (त्या जातीचं विमान चालवण्याचं वेगळं प्रशिक्षण) केलं आणि पुन्हा रांगेत उभे राहिले.

तास इतका महाग झाल्यावर कुणीतरी तो खोटा लिहिणारच होतं. जानेवारी २०११ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका प्रवासी विमानानं उतरताना पुढचं चाक आधी टेकवलं. चौकशीत संबंधित कॅप्टनच्या परवान्यासाठी दिलेली परीक्षेची गुणपत्रिकाच बनावट असल्याचं उघड झालं. मग एकेक प्रकरण बाहेर येत गेलं. राजस्थानातल्या एका क्लबात तर प्रत्यक्ष न उडलेले तास लॉगबुकांत, म्हणजे वैमानिकाच्या तासांच्या वहीत, चढवले गेले होते. नागरी हवाई महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, देशातल्या सगळ्या उड्डाणशाळांची तपासणी लावली. लॉगबुक ही या धंद्यातली हुंडी आहे. तिच्यावरच्या सहीचा भरवसा गेला की पुढचं काहीच खरं धरता येत नाही. दुर्दैव असं की त्या वर्षी प्रामाणिकपणे शिकलेल्यांकडेही लोक संशयानं पाहू लागले.

जेआरडींच्या पावणेचार तासांपासून आजच्या तयारीपर्यंत किती अंतर पडलं, हे पाहायला उड्डाणाच्या आधीच्या पायऱ्याच पुरेत. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं. या क्षेत्रातले जाणते सगळ्यात आधी मेडिकल करायला सांगतात, कारण रंग ओळखण्यातला दोष किंवा हृदयाची एखादी बारीक तक्रार फी भरल्यावर कळली, तर पैसे बुडाले. आधी क्लास टू, मग क्लास वन. क्लास वनची पहिली तपासणी वर्षानुवर्षं हवाई दलाच्या वैद्यकीय केंद्रांत होत आली, आणि तिची तारीख मिळवणं हीच एक परीक्षा. मग लेखी पेपर: नेव्हिगेशन, मेटिओरॉलॉजी, रेग्युलेशन्स, विमानाचं तंत्र. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. रेडिओवर बोलण्याचा परवाना आणखी वेगळा. शहाणी मुलं हे पेपर घरी बसून आधी उरकतात, कारण एकदा शाळेत पाऊल टाकलं की राहण्या-खाण्याचा मीटर सुरू होतो.

उड्डाणाचा हिशोब दोनशे तासांचा. त्यांतले शंभर तास विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. त्यात वीस तासांची क्रॉस-कंट्री, तीत किमान ३०० सागरी मैलांचा, दोन ठिकाणी थांबणारा एक मोठा प्रवास. दहा तास केवळ उपकरणांवर नजर ठेवून. पाच तास रात्रीचे. खर्च पन्नास लाखांच्या आसपास आणि बरेचदा वर. एअरलाइनच्या कॅडेट कार्यक्रमातून गेलं, तर टाइप रेटिंगसह आकडा कोटीच्या घरात जातो.

शाळेच्या माहितीपत्रकावर अठरा महिने लिहिलेलं असतं. ते अठराचे तीस का होतात, याचं उत्तर हँगरमध्ये मिळतं. ताफ्यात दहा विमानं, पण उडण्याजोगी किती? इंजिन तपासणीला गेलेलं किती दिवस परत येत नाही? इन्स्ट्रक्टर किती, आणि त्यांतले किती एअरलाइनच्या पत्राची वाट पाहत आहेत? धावपट्टीवर प्रवासी विमानं येतात का, आली की शिकाऊ विमानांना किती वेळ थांबावं लागतं? विमानतळावर रात्रीचे दिवे आहेत का, की रात्रीच्या पाच तासांसाठी दुसऱ्या गावी जावं लागेल? हुशार पालक हे प्रश्न ऑफिसात न विचारता तिथे शिकणाऱ्या मुलांना चहाच्या टपरीवर विचारतात. संपूर्ण फी आगाऊ मागणाऱ्या शाळेबद्दल ती मुलं काय सांगतात, ते ऐकण्यासारखं असतं.

अखेर डीजीसीएनंच हे काम थोडंफार हाती घेतलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये शाळांची पहिली श्रेणीयादी आली. विद्यार्थ्यांना परवाना मिळायला लागणारा वेळ, विमानांची संख्या, अपघातांची नोंद, तक्रारी यांचा हिशोब त्यात धरलेला होता. वरच्या दोन श्रेणींत एकही शाळा बसली नाही. क्लबांच्या काळापासून चालत आलेल्या ‘आपल्या ओळखीचे आहेत, करून देतील’ या निवडीपेक्षा हे नक्कीच बरं.

महाराष्ट्राचा नकाशाही यात पार बदलला. जुहूच्या भोवती इमारती चढल्या, आकाश सांताक्रूझच्या प्रवासी विमानांनी व्यापलं. बॉम्बे फ्लाइंग क्लबचं उड्डाण शिक्षण धुळ्याजवळच्या गोंदूरला गेलं. बारामती, शिरपूर, जळगाव, गोंदिया: एके काळी इथल्या धावपट्ट्यांवर मंत्र्यांची विमानं तेवढी उतरत. बिरसीची धावपट्टी तर दुसऱ्या महायुद्धातली, इंग्रजांनी बांधलेली. कोरडी हवा, रिकामं आकाश, स्वस्त खोल्या, त्यामुळे शाळा इकडे आल्या. जिथे शाळा आल्या तिथे अपघातही आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीच्या परिसरात एकाच संस्थेची दोन शिकाऊ विमानं चार दिवसांत पडली आणि डीजीसीएनं तिचं उड्डाण थांबवलं. शेतात पडलेलं विमान बघायला जमलेल्या गर्दीचे व्हिडिओ राज्यभर फिरले. त्या दिवशी किती घरांत मुलीचा किंवा मुलाचा फॉर्म बाजूला ठेवला गेला असेल कोण जाणे.

तरी फॉर्म भरले जातातच. करोनाच्या २०२० मध्ये डीजीसीएनं ५७८ व्यावसायिक परवाने दिले होते. २०२३ मध्ये १,६२२. त्याच वर्षी एअर इंडियानं ४७० आणि इंडिगोनं ५०० विमानांची मागणी नोंदवली. एवढ्या विमानांना वैमानिक लागणार, म्हणून आता कंपन्याच शाळा काढू लागल्या आहेत. एअर इंडियानं त्यासाठी अमरावतीजवळचा बेलोरा विमानतळ निवडला, पायपर आर्चर जातीची ३१ एकइंजिनी आणि डायमंडची ३ दोनइंजिनी विमानं मागवली, आणि वर्षाला १८० वैमानिक तयार करायचं ठरवलं. विदर्भात पाऊस मुंबईपेक्षा कमी, हिवाळी धुकं फुरसतगंजच्या मानानं नगण्य. हवामान पाहून निवडलेली जागा म्हणावी अशी ही मोठी खासगी शाळा. उडायचे तास तिथे वेळेवर मिळतीलही. त्या तासांचं बिल मात्र अजून तरी अमरावतीच्या, लातूरच्या, नांदेडच्या घरांतूनच भरलं जायचं आहे, आणि बँका त्यासाठी तारण म्हणून घराचेच कागद मागतात.